न विचारलेला दुसरा प्रश्न

एका वाचकाचा प्रश्न आलाय आणि तो चांगलाच रागात लिहिलेला आहे: "फोनची बॅटरी तासभर कमी चालली तर हेच टेक समीक्षक वीस मिनिटांचा व्हिडिओ करून कंपनीची सालटी काढतात. मग त्याच कंपनीचा सीईओ मंचावर शेजारी बसला की हे आरती ओवाळायला का लागतात? विकले गेलेत, घाबरतात, की आम्हालाच तसं वाटतं?" खाली एक ओळ आहे की ते स्वतः लवकरच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकाची थेट मुलाखत घेणार आहेत, आणि "मला तसं व्हायचं नाही."

मी सोळा वर्षं या क्षेत्रातल्या लोकांच्या मुलाखती घेतोय. आधी छापील, मग कॅमेऱ्यासमोर, नंतर मंचावर. मध्ये दोन वर्षं टेबलाच्या पलीकडेही होतो, म्हणजे अधिकाऱ्यांना मुलाखतींसाठी तयार करण्याचं काम करत होतो. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो. मवाळपणा आहे, हे आधीच कबूल करतो. फक्त लोक तो आवाजात शोधतात, चेहऱ्यावरच्या हसूत शोधतात. मला तो बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: पहिलं उत्तर संपल्यावर जिथे दुसरा प्रश्न यायला हवा होता आणि आला नाही, तिथे.

माझंच उदाहरण देतो. भरलेलं सभागृह, पस्तीस मिनिटांची वेळ, समोर एका मोठ्या उपकरण-कंपनीचे वरिष्ठ अधिकारी. नवं अपडेट टाकलं की जुने फोन मंद होतात, अशा तक्रारी तेव्हा त्या कंपनीविरुद्ध येत होत्या. मी विचारलं, "असं होणार हे कंपनीला आधी माहीत होतं का?" ते म्हणाले, "ग्राहकांचा विश्वास आमच्यासाठी सगळ्यात मोठा आहे आणि प्रत्येक अपडेट आम्ही त्याच भावनेने देतो." टाळ्या. मंचाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर उलटं घड्याळ ११:४० दाखवत होतं. मी हातातलं कार्ड मागे टाकलं आणि कॅमेऱ्याबद्दल विचारलं.

घरी येऊन चित्रीकरण पाहिलं. माझा प्रश्न संपत असताना त्यांचा हात पाण्याच्या ग्लासाकडे निघाला होता, तो अर्ध्यावर थांबला. उत्तर संपेपर्यंत तो तिथेच होता, टेबलावर, बोटं पसरलेली. मी कॅमेऱ्याचं नाव काढलं आणि त्यांनी ग्लास उचलून निवांत दोन घोट घेतले. मला फक्त "माहीत होतं की नाही?" एवढे चार शब्द बोलायचे होते. आवाज चढवायची गरज नव्हती, भुवई उंचावायचीही नव्हती.

आता तुमच्या प्रश्नावर येतो. मला कोणी विकत घेतलं नव्हतं. त्या कंपनीची जाहिरातही आमच्याकडे नव्हती. मग मी का सोडलं? याची खरी कारणं फारच सामान्य आहेत. कानातल्या इअरपीसमधून निर्माता सांगत असतो की प्रेक्षकांच्या प्रश्नांसाठी दहा मिनिटं राखायची आहेत. घड्याळ उलटं पळत असतं. समोरचा बोलत असताना डोकं पुढच्या प्रश्नाची जुळवाजुळव करत असतं, त्यामुळे उत्तराचा सूर ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. त्यात टाळ्या पडल्या की मुद्दा संपल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे भीड. पाहुण्याला आठशे माणसांसमोर तोच प्रश्न पुन्हा विचारणं म्हणजे त्याला तोंडावर खोटं पाडण्यासारखं वाटतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. मी त्या दिवशी वाचकांच्या वतीने मागायला गेलो होतो आणि रिकाम्या हाताने आलो.

आता पलीकडची बाजू. अधिकारी मुलाखतीला येतो तेव्हा त्याच्यामागे आठवडाभराची तयारी असते. आम्ही एक टिपण करायचो: संभाव्य चाळीसेक प्रश्न, प्रत्येकाचं उत्तर, आणि काहीही झालं तरी सांगून यायचे तीन मुद्दे. मग सराव. आमच्यातलाच एक जण खवट पत्रकार व्हायचा. माझा अंदाज होता की अधिकारी या खवट पत्रकाराला घाबरतील. झालं उलटंच. टोमणा मारला की अधिकारी ताठ बसायचा, आवाज शांत व्हायचा, आणि ऐकणाऱ्यांची सहानुभूती आपोआप त्याच्याकडे जायची. लांबलचक, पाच पोटवाक्यांचा प्रश्न तर सगळ्यांचा लाडका. त्याला आम्ही बुफे म्हणायचो. आवडेल ते ताटात घ्या, बाकीचं तसंच राहू द्या. पुढे बसलेल्या पत्रकाराला वाटतं आपण फार खोलात जाऊन विचारलं, आणि अधिकारी त्यातला सर्वांत मऊ तुकडा उचलून मोकळा होतो.

भीती वाटायची ती छोट्या प्रश्नाची. ज्याचं उत्तर एक तारीख, एक आकडा, एक नाव किंवा हो-नाही यांपैकीच असू शकतं, असा प्रश्न. त्यावर "मी याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतो" किंवा "मुळात लोकांना काय हवंय याचा विचार करू या" ही आमची पढवलेली वाक्यं उघडी पडायची. (कोणी "फार चांगला प्रश्न आहे" म्हणालं की समजा, वेळ काढणं चाललंय. मीच शिकवलंय ते वाक्य.) असा प्रश्न आला तर आमच्या टिपणात एकच सल्ला होता: "तपासून सांगतो" म्हणा आणि देवाचं नाव घ्या, पुढचा प्रश्न दुसऱ्या विषयावरचा असू दे.

याचा नमुना पाहायचा तर मार्च २०२४ मधली ओपनएआयच्या तेव्हाच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी मीरा मुराटी यांची मुलाखत बघा. वॉल स्ट्रीट जर्नलच्या जोअ‍ॅना स्टर्न यांनी विचारलं की व्हिडिओ बनवणाऱ्या सोराला कोणत्या माहितीवर शिकवलं. उत्तर ठरलेलं आलं: सार्वजनिकरीत्या उपलब्ध असलेली आणि परवाना घेतलेली माहिती. दहातले नऊ मुलाखतकार इथे मान डोलावून पुढे गेले असते. स्टर्न यांनी फक्त एक नाव घेतलं: यूट्यूबवरचे व्हिडिओ? मुराटींचा चेहरा आक्रसला आणि आपल्याला नक्की माहीत नाही, असं त्या म्हणाल्या. मग फेसबुक, इन्स्टाग्राम. तेव्हाही ठाम उत्तर नाही. पुढच्याच महिन्यात यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांना ब्लूमबर्गने हेच विचारलं, तेव्हा ते म्हणाले की तसं झालं असेल तर तो आमच्या अटींचा सरळ भंग आहे. ही सगळी मालिका सुरू झाली ती एका नामामुळे. स्टर्न यांचा स्वर अख्ख्या मुलाखतीत गप्पांचाच होता.

ती मुलाखत ध्वनिचित्रमुद्रित होती, थेट नव्हती, असं तुम्ही म्हणाल. बरोबर. थेट मंचावरचं उदाहरण सप्टेंबर २०२३ च्या कोड या तंत्रज्ञान परिषदेतलं. एक्सच्या, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरच्या, तेव्हाच्या सीईओ लिंडा याकरिनो समोर होत्या. त्याच्या काही दिवस आधी कंपनीचे मालक इलॉन मस्क बोलून गेले होते की सगळ्याच वापरकर्त्यांकडून दरमहा छोटी रक्कम घेण्याकडे आपण चाललोय. सीएनबीसीच्या ज्युलिया बूर्स्टिन यांनी त्याबद्दल विचारलं. याकरिनो यांनी उलट विचारलं की ते नेमकं असंच म्हणाले का, की तसा विचार चाललाय म्हणाले. बूर्स्टिन तिथेच थांबल्या नाहीत. जाहीर करण्याआधी त्यांनी तुमच्याशी चर्चा केली होती का? उत्तर आलं की आम्ही सगळ्याच गोष्टींवर बोलतो. कंपनी खरंच कोण चालवतंय हे सभागृहाला त्या दोन प्रश्नांत कळलं, आणि ते विचारायला पंधरा सेकंद पुरली.

आता दोन मुलाखती शेजारी ठेवतो. मुलाखत घेणारी एक व्यक्ती दोन्हीकडे तीच आहे आणि उत्तर देणारीही तीच. जून २०१०, डी८ ही तंत्रज्ञान परिषद. कारा स्विशर आणि वॉल्ट मॉसबर्ग या पत्रकारांसमोर सव्वीस वर्षांचे मार्क झुकरबर्ग. फेसबुकच्या खासगीपणाच्या सेटिंगवरून तेव्हा रान पेटलं होतं. प्रश्न सुरू झाले आणि झुकरबर्गना दरदरून घाम फुटला, इतका की शेवटी स्विशर यांनीच हूडी काढता का म्हणून विचारलं. त्यांनी ती काढली, तर आतल्या बाजूला कंपनीचं बोधचिन्ह निघालं. लोकांना आजही ती मुलाखत आठवते. पण खासगीपणाबद्दल त्या दिवशी नवं काय कळलं, असं कोणालाही विचारून बघा. घाम आठवतो, चिन्ह आठवतं, उत्तर आठवत नाही.

दुसरी जुलै २०१८ मधली, स्विशर यांच्या पॉडकास्टवर. खोट्या मजकुराचा विषय चालू होता. झुकरबर्ग यांनी स्वतःहून ज्यूंचा वंशसंहार नाकारणाऱ्यांचं उदाहरण काढलं आणि म्हणाले की अशी माणसं मुद्दाम चुकतात असं नाही. स्विशर म्हणाल्या की या लोकांच्या बाबतीत तरी ते मुद्दाम असू शकतं, पण बोला पुढे. हे "बोला पुढे" मी नव्या मुलांना शिकवताना तीन-तीनदा ऐकवतो. तिथे त्या तुटून पडल्या असत्या तर झुकरबर्ग सावध झाले असते, दोन पावलं मागे सरले असते. त्यांनी असहमती नोंदवली, वाट मोकळी ठेवली आणि ते स्वतःच्या तर्काच्या टोकापर्यंत चालत गेले. मुलाखत बाहेर आल्यावर त्याच दिवशी त्यांना लेखी खुलासा करावा लागला. ऑक्टोबर २०२० मध्ये फेसबुकने तशा मजकुरावर बंदी घातली. त्यामागे इतरही बरीच कारणं होती, एका पॉडकास्टला सगळं श्रेय देणार नाही. पण घामाच्या मुलाखतीपेक्षा या शांत मुलाखतीने जास्त काम केलं, हे माझं ठाम मत आहे.

म्हणून "कडक" या शब्दाबद्दल मी जरा सावध असतो. एप्रिल २०११ मध्ये बीबीसीच्या रॉरी केलन-जोन्स यांनी ब्लॅकबेरी बनवणाऱ्या कंपनीचे सहप्रमुख माइक लाझारिडिस यांना भारत आणि आखाती देशांतल्या सुरक्षेच्या वादाबद्दल विचारलं. त्या सरकारांना संदेश वाचण्याची सोय हवी होती, प्रश्न अगदी रास्त होता. लाझारिडिस यांनी हे अन्यायकारक आहे म्हणत मुलाखतच संपवली. ती क्लिप भरपूर फिरली. दुखरी नस कुठे आहे ते जगाला कळलं, पण सरकारांना नेमकं काय द्यायचं ठरतंय हे मात्र कळलं नाही. यात मुलाखतकाराची चूक काढायची नाही, रास्त प्रश्नावर कोणी उठून गेलं तर ती जबाबदारी उठणाऱ्याची. फक्त उठून जाणं म्हणजे मुलाखतीचं यश, असं समजणारी एक पिढी अशा क्लिपांवर तयार झाली, त्याची मला चिंता वाटते. तसंच बीबीसीच्या जेरेमी पॅक्समन यांचं. १९९७ मध्ये त्यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकल हॉवर्ड यांना एकच प्रश्न बारा वेळा विचारला, हे उदाहरण प्रत्येक कार्यशाळेत निघतंच. ते महान आहे, पण कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता म्हणून वेळ काढायचा होता, असं पॅक्समन यांनीच नंतर सांगितलंय. बारा वेळा विचारायची सोय रोज मिळत नाही. दोन वेळा मात्र रोज विचारता येतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून असतात, त्याही सांगायला हव्यात.

पहिली म्हणजे कायद्याची. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा अधिकारी काही प्रश्नांना खरोखरच उत्तर देऊ शकत नाही. अमेरिकेत २००० पासून असा नियम आहे की शेअरच्या किमतीवर परिणाम करेल अशी माहिती निवडक लोकांना आधी द्यायची नाही, द्यायची तर सगळ्यांना एकाच वेळी. तिमाही निकालांच्या आधी तर या मंडळींची तोंडं शिवलेलीच असतात. अशा वेळी विक्रीचा आकडा पुन्हा पुन्हा विचारणं हा कडकपणा नाही, दोघांचाही वेळ वाया घालवणं आहे. त्याऐवजी "हे सांगता येत नाही, की सांगायचं नाही?" असं विचारा. दोन्हींत मोठा फरक आहे आणि तो प्रेक्षकाला कळतो.

दुसरी म्हणजे मंच कोणाचा. परिषदेच्या प्रायोजकांत त्याच कंपनीचं नाव असेल, कार्यक्रमाला "फायरसाइड चॅट" असं गोड नाव दिलेलं असेल, प्रश्न आधी पाठवा म्हणून निरोप आला असेल, तर मुलाखत हॉटेलात शिरण्याआधीच मऊ झालेली असते. मी विषय सांगतो, प्रश्न कधीच पाठवत नाही. एखादा विषय वर्ज्य ठेवण्याची अट घालतात तेव्हा दोनच पर्याय असतात: नकार द्यायचा, किंवा अट मान्य करून ती प्रेक्षकांना सुरुवातीलाच सांगायची. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. हे सांगितल्यावर तीनपैकी एखादी कंपनी अट मागे घेते, हा माझ्यापुरता अनुभव.

तिसरी गोष्ट प्रवेशाची, आणि इथे तुमच्या "घाबरतात का" या प्रश्नाला थोडं खरं उत्तर आहे. जॉन ग्रूबर हे अ‍ॅपलवर लिहिणारे जुने समीक्षक. २०१५ पासून दर जूनमध्ये कंपनीच्या विकासक परिषदेच्या आठवड्यात त्यांच्या थेट कार्यक्रमाला अ‍ॅपलचे बडे अधिकारी येत होते. त्या गप्पा फार गुळगुळीत असतात अशी टीकाही व्हायची. मार्च २०२५ मध्ये सिरीच्या लांबलेल्या सुधारणांवरून ग्रूबर यांनी कंपनीवर कडाडून लिहिलं. त्या जूनमध्ये अ‍ॅपलने आमंत्रण नाकारलं आणि मंचावर त्यांच्यासोबत दोन पत्रकार बसले. या दोन घटनांचा संबंध ज्याने त्याने आपापला लावावा. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, मंचावर मऊ वाटणारा माणूस लेखणीत मऊ असेलच असं नाही, दोन्ही मिळून त्याचं काम बघायला हवं. दुसरं म्हणजे, अधिकारी न आल्याने आभाळ कोसळलं नाही. त्या दोन पत्रकारांपैकी एक होत्या याच स्टर्न, ज्यांनी त्याच आठवड्यात कंपनीचेच बडे अधिकारी क्रेग फेडरिगी आणि ग्रेग जॉझ्वियाक यांना समोर बसवून सिरी का रखडली हे विचारलं होतं. म्हणजे दार एकीकडे बंद झालं तरी कंपनीला कुठेतरी बोलावं लागतंच. ही गोष्ट उमेदीच्या काळात कोणी मला सांगितली असती तर बरं झालं असतं. प्रवेश बंद होईल या भीतीपोटी मी जेवढे प्रश्न गिळले, त्यातल्या निम्म्यांमुळे तरी काहीही बंद झालं नसतं.

एक उलटी बाजूही नोंदवतो, कारण ती मला स्वतःला अडचणीत टाकते. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो-चलनांच्या बाजाराने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड न्यूयॉर्क टाइम्सच्या डीलबुक परिषदेत पत्रकार अँड्र्यू रॉस सॉर्किन यांच्यासमोर पडद्यावरून तासभर बोलला. शेवटी सभागृहात टाळ्या पडल्या आणि अनेकांचं रक्त उसळलं. लोकांचे पैसे बुडाले आणि इथे टाळ्या! तो राग मला समजतो. पण तो माणूस त्या महिन्यात जिथे मिळेल तिथे बोलत सुटला होता, आणि २०२३ च्या खटल्यात सरकारी वकिलांनी त्याची हीच जाहीर वक्तव्यं उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवली. बोलणाऱ्याला बोलू देणं हेही कधीकधी मोठं काम असतं. मात्र त्यासाठी मुलाखतकाराला माहीत हवं की आपण मुद्दाम बोलू देतोय. मी पाण्याच्या ग्लासाच्या दिवशी जे केलं ते बोलू देणं नव्हतं, ती निव्वळ सुटका होती, त्यांचीही आणि माझीही.

राहता राहिली तुमची मुलाखत. संस्थापक पहिली दहा मिनिटं कंपनी कशी सुरू झाली ते सांगतील, सांगू द्या. ते त्यांनी शंभरदा सांगितलेलं असतं, तेवढ्यात तुम्हाला त्यांच्या बोलण्याची लय कळते. अवघड प्रश्न शेवटी ठेवू नका. शेवटी घड्याळ त्यांच्या बाजूला असतं. एक तृतीयांश वेळ गेला की विचारा, म्हणजे परत यायला जागा राहते. प्रश्नात "आणि" आला की तो तोडा, दोन प्रश्न करा. प्रश्नाआधी आपलं मत सांगू नका, ते तुमच्या मताशी भांडतील आणि प्रश्न बाजूला राहील. उत्तर आल्यावर मनात तीन मोजा. थेट मंचावरची तीन सेकंदं युगासारखी वाटतात, आणि ती तुमच्याइतकीच त्यांनाही वाटतात. पुष्कळदा खरं उत्तर त्या तीन सेकंदांनंतर येतं. तेवढ्यात टाळ्या पडल्या तर त्या संपू द्या आणि मग तोच प्रश्न निम्म्या शब्दांत विचारा. दुसऱ्यांदाही टाळलं तर "म्हणजे आज याचं उत्तर मिळणार नाही, असं समजतो" एवढं शांतपणे म्हणून पुढे जा. तिसऱ्यांदा विचारण्याच्या मोहात पडू नका, प्रेक्षक तेव्हा तुमच्यावर वैतागायला लागतात.

आणि कार्डांचं एक सांगतो. माझ्या कार्डावर आता प्रत्येक प्रश्नाखाली दोन ओळी कोऱ्या असतात. समोरचा बोलत असताना मी पुढचा प्रश्न वाचत नाही, त्याने उत्तरात जो शब्द टाळला तो तिथे पेन्सिलने लिहितो. गेल्या आठवड्याच्या मुलाखतीत एक बाई कर्मचारीकपातीवर दीड मिनिट बोलल्या, "पुनर्रचना" हा शब्द चारदा आला. माझ्या कार्डावर फक्त "किती?" लिहिलेलं होतं. मी तेवढंच वाचून दाखवलं. त्यांनी एकदा पडद्याआड उभ्या असलेल्या त्यांच्या माणसाकडे बघितलं आणि आकडा सांगितला.